तंबाखू सोडली, सुपारी चालूच : भावाचं तोंड का उघडत नाही?

रावेर तालुक्यातल्या एका ताईंनी धाकट्या भावाबद्दल विचारलं आहे. भाऊ २६ वर्षांचा, केळीच्या गाड्या भरायला जातो. सात-आठ वर्षं गुटखा खायचा. मागच्या वर्षी तंबाखू सोडली, आता 'नुसती सुपारी' खातो. तोंडात जेमतेम दोन बोटं जातात आणि भरीत, ठेचा तोंडाला लावता येत नाही. गावातल्या डॉक्टरांनी 'फायब्रोसिस' आहे म्हणून गालातला छोटा तुकडा काढून तपासायला (बायोप्सी) सांगितला, पण शेजारचे म्हणतात की सुई लागली की रोग पसरतो. हा कॅन्सर आहे का, तोंड पुन्हा उघडेल का आणि ऑपरेशन करावं का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

ताई, तुमच्या भावाने तंबाखू सोडली हे मोठंच काम केलं. त्याला तसं सांगा, कारण या वयाच्या पोरांना घरचे फक्त रागावतात. पण ज्या वस्तूने त्याचं तोंड आखडलं, ती तो अजूनही गालात धरून बसला आहे. हा आजार सुपारीचा आहे. तंबाखूने कॅन्सरचा धोका वाढतो, तोंड मात्र सुपारीने बंद होतं. साधी, भाजकी, गोड, केशरी, चांदीचा वर्ख लावलेली, पुडीतली, अडकित्त्याने कातरलेली, कुठलीही असो. तंबाखूचा कण न घेणाऱ्या, जेवणानंतर फक्त सुपारी चघळणाऱ्या बायकांची तोंडंही मी अशीच आखडलेली पाहिली आहेत.

आपल्याकडे हे पटवणं अवघड जातं. सुपारी पूजेत असते, गणपती म्हणून मांडतो, लग्न ठरलं की सुपारी फुटते, पाहुण्यापुढे तबक ठेवायचं तर त्यात ती हवीच. तंबाखू वाईट हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, पण सुपारीकडे कुणी बोट दाखवत नाही. म्हणून माणूस गुटखा सोडतो, घरच्यांना बरं वाटतं, आणि तो सुपारीवर येऊन थांबतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीलाच, तंबाखू नसलेल्या सुपारीलाही, माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखू त्याच गटात आहे.

आजाराचं पूर्ण नाव ओरल सबम्युकस फायब्रोसिस. तोंडाच्या आतल्या नाजूक अस्तराखाली एक मऊ, ताणला जाणारा थर असतो. त्याच्यामुळे आपण जांभई देतो, गाल फुगवतो. सुपारीत अरेकोलिन नावाचं द्रव्य असतं, ते या थरातल्या पेशींना कोलॅजन नावाचे धागे जास्त बनवायला लावतं. एरवी शरीर जुने धागे मोडून काढत असतं आणि हिशेब बरोबर राहतो. पण सुपारीत टॅनिनही असतं. बाभळीच्या सालीतल्या टॅनिनने चामडं कमावतात, म्हणजे कातडं कुजेनासं आणि घट्ट होतं, तसंच इथे जिवंत गालाचं होतं : टॅनिन लागलेले धागे शरीराला मोडता येत नाहीत. भरीला सुपारीत तांबं बरंच असतं, आणि धाग्याला धागा जोडणारं विकर (एन्झाइम) तांब्यावर चालतं, त्यामुळे ते जोमाने काम करू लागतं. धागे वाढले, मोडेनासे झाले आणि एकमेकांत गुंतले. हळूहळू रक्तवाहिन्या अरुंद होतात, वरचं अस्तर पातळ पडतं, पुढे चावायचे स्नायूही सुकतात. पानात सुपारी थोडी असते आणि सोबत विड्याचं पान असतं. पुडीत जवळपास सगळी सुकी सुपारीच. म्हणून पान खाणाऱ्यांना जे व्हायला बरीच वर्षं लागायची, ते पुडीवाल्या पोरांत फार लवकर होतं.

तिखट झोंबणं हे याचं पहिलं लक्षण. खान्देशात ते चटकन लक्षात यायला हवं, कारण आपलं जेवणच तिखट. ज्याने लहानपणापासून हिरव्या मिरचीचं भरीत कळण्याच्या भाकरीबरोबर ओरपलं, तो एक दिवस वरण-बट्टीवर येतो आणि म्हणतो, मला आता चालत नाही. अमळनेर-पारोळ्याकडचे पेशंट येऊन सांगतात, "डॉक्टर, तोंडमा आग पडस." घरचे समजतात पित्त झालं. मेडिकलवाला बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि तोंड आल्यावर लावायचं जेल देतो. त्यात वर्ष निघून जातं, आणि नेमकं तेच वर्ष हातात असतं, कारण तेव्हा तोंड अजून तीन बोटं उघडत असतं.

कुणी तुम्हाला सांगेल की हे मिरचीनेच झालं. त्याला हसू नका, एकेकाळी संशोधकांनाही तसं वाटत होतं. १९५२ साली श्वार्ट्‌झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय बायकांमध्ये हा आजार पहिल्यांदा नोंदवला, पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशींनी भारतातले पेशंट मांडले. कारण शोधताना आधी संशय गेला तो मिरचीवर. कर्करोग संशोधनातले मोठे नाव असलेले डॉ. खानोलकर आणि डॉ. सिरसाट यांनी १९६० मध्ये मिरचीतलं तिखट द्रव्य उंदरांच्या टाळूला लावून तपासलं होतं. पण पुढे पेशंट आणि निरोगी माणसं यांच्या सवयी समोरासमोर ठेवून पाहिल्या तेव्हा बोट वळलं सुपारीकडे, आणि तिथेच राहिलं. मिरची खाणारे पण सुपारी न खाणारे लाखो लोक आहेत, त्यांचं तोंड आखडत नाही. आजार झाल्यावर मात्र मिरचीने आग होते आणि जखमा चिघळतात, म्हणून भावाला सध्या तिखट, गरम, खारट कमी द्या.

आता तुमचा पहिला प्रश्न. फायब्रोसिस म्हणजे कॅन्सर नव्हे. तो कॅन्सरच्या आधीच्या अवस्थांपैकी एक आहे, म्हणजे या जमिनीत कॅन्सर उगवण्याची शक्यता निरोगी तोंडापेक्षा बरीच जास्त. किती? केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चच्या पथकाने असे ६६ पेशंट १७ वर्षं नजरेखाली ठेवले. त्यांपैकी पाच जणांना कॅन्सर झाला, म्हणजे ७.६ टक्के. हा आकडा १९८५ सालचा आहे, आणि त्यानंतरच्या अभ्यासांत तो कमी-जास्त आला आहे. मी पेशंटला दोन्ही बाजू सांगतो : बहुतेकांना कॅन्सर होत नाही, आणि ज्यांना होतो ते कोण हे आधी ओळखता येत नाही. म्हणून प्रत्येकाला वर्षानुवर्षं तपासत राहावं लागतं, सुपारी सुटल्यानंतरही. सुपारीबरोबर तंबाखू आणि दारू असली तर धोका आणखी चढतो.

फायब्रोसिसमध्ये एक अडचण अशी की तोंडच उघडत नाही, त्यामुळे मागच्या दाढेपाशी, जिभेच्या बुडाशी, गालाच्या आतल्या कोपऱ्यात काय चाललंय ते पेशंटला दिसत नाही, डॉक्टरलाही नीट दिसत नाही. म्हणून कुणी दोन सेकंद टॉर्च मारून 'ठीक आहे' म्हटलं तर तेवढ्यावर समाधान मानू नका. आरसा घालून आणि हातमोजा घातलेलं बोट फिरवून गाल, टाळू, जीभ चाचपायला हवी. जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, गालात किंवा मानेत गाठ लागली, लाल मखमली चट्टा दिसला, चांगला दात उगाच हलायला लागला, ओठ किंवा जीभ बधिर वाटली, गिळताना दुखून कानात कळ गेली, यातलं एकही असेल तर त्या आठवड्यातच दाखवा. लाल चट्टा दुखत नाही म्हणून लोक सोडून देतात. पांढऱ्यापेक्षा लाल चट्टा जास्त घातक.

पांढऱ्या चट्ट्याचं वेगळं सांगायला हवं, कारण त्यात बुरशीचा घोळ असतो. कॅन्डिडा नावाची बुरशी निरोगी माणसांच्या तोंडातही असते, गुपचूप. तोंड कोरडं पडलं, रक्त कमी असलं, मधुमेह असला किंवा स्टिरॉइड चालू असलं की ती वाढते. दह्याच्या सायीसारखा थर दिसतो, कापसाने पुसला तर निघतो आणि खाली लाल जागा राहते. त्यावर बुरशीचं औषध लावलं की काही दिवसांत फरक पडतो. पण जो चट्टा पुसून निघत नाही त्यावर महिनोन्‌महिने तेच औषध लावत बसणं धोक्याचं आहे. कधी कधी बुरशी त्या चट्ट्यातही शिरलेली असते, आणि असा चट्टा जास्त संशयाने पाहावा लागतो. दोन आठवडे औषध लावूनही तो तसाच राहिला तर तुकडा तपासायलाच हवा.

तुकड्याच्या भीतीबद्दल मी अगदी ठाम आहे. तुकडा काढल्याने किंवा सुई लावल्याने तोंडाचा कॅन्सर पसरत नाही. मग हा समज आला कुठून? लोक तुकडा काढायला खूप उशिरा येतात, तेव्हा रोग आधीच पुढे गेलेला असतो. रिपोर्ट येतो, काही महिन्यांत माणूस खालावतो, आणि घरच्यांच्या मनात दोन्हींची सांगड बसते. तुकडा म्हणजे जागा बधिर करून तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा भाग काढतात, एखाद-दोन टाके पडतात, माणूस त्याच दिवशी घरी येतो. पॅथॉलॉजिस्टला, म्हणजे तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्या डॉक्टरला, त्यात पेशी बिघडायला लागल्यात का ते दिसतं, आणि ते फक्त तिथेच दिसतं. गावातल्या डॉक्टरांनी तुम्हाला योग्य सल्ला दिला आहे. शेजाऱ्यांचं ऐकून तो टाळू नका.

तोंड पुन्हा उघडेल का? पूर्वीसारखं, अगदी मोकळं, असं वचन मी देत नाही आणि जो देईल त्याच्यापासून सावध राहा. जे धागे कमावल्यासारखे घट्ट झालेत ते औषधाने विरघळून जात नाहीत. पण सुपारी पूर्ण सुटली तर आजार बहुतेकदा तिथेच थांबतो, आग कमी होते, आणि व्यायामाने काही मिलिमीटर परत मिळतात. ऐकायला थोडं वाटेल, पण दोन बोटांवरून अडीच बोटांवर आलेला माणूस मोठा घास घेऊ शकतो, दाढ घासू शकतो, आणि डॉक्टरला आत पाहू देतो. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ३५ ते ४५ मिलिमीटर, काहींचं त्याहून जास्त उघडतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये जायला हवीत. भावाला पट्टीने मोजायला सांगा, वरच्या दाताच्या कडेपासून खालच्या दाताच्या कडेपर्यंत. आकडा तारखेसह वहीत लिहा आणि दर महिन्याला मोजा. औषध लागू पडतंय की नाही हे त्या वहीवरून कळेल.

व्यायामाला जीभ दाबायच्या लाकडी चपट्या पट्ट्या मेडिकलमध्ये मिळतात. दोन्ही बाजूंच्या दाढांमध्ये जितक्या पट्ट्या ताण बसून मावतील तितक्या ठेवायच्या, थोडा वेळ धरायच्या, काढायच्या, पुन्हा धरायच्या. दिवसातून पाच-सहा वेळा. काही दिवसांनी एक पट्टी वाढवायची. ताण जाणवायला हवा, रक्त यायला नको. याशिवाय गाल फुगवणं, फुंकर घालणं, शिट्टी वाजवायचा प्रयत्न, जीभ बाहेर काढून धरणं. कंटाळवाणं आहे, आणि म्हणूनच बहुतेक लोक दुसऱ्या आठवड्यात सोडतात. पण माझ्या मते कुठल्याही इंजेक्शनापेक्षा या पट्ट्यांचा हिशेब जास्त टिकतो.

इंजेक्शनं देतात ती स्टिरॉइड आणि हायल्युरोनिडेज (घट्ट झालेला थर सैल करणारं विकर) यांची, थेट गालात, ठरावीक अंतराने बरेच आठवडे. मधल्या अवस्थेत त्यांनी आग आणि ताण कमी होतो. सुपारी चालू ठेवून ती घेणं म्हणजे पैसे आणि सुया दोन्ही वाया. लायकोपीनसारख्या (टोमॅटोतलं लाल द्रव्य) गोळ्या देतात, त्यांचा आग कमी करण्यात काहींना फायदा होतो, आणि त्या इंजेक्शनाइतक्या दुखत नाहीत एवढं नक्की. रक्ताची साधी तपासणी करून घ्या. हिमोग्लोबिन कमी असेल तर लोहाच्या गोळ्या लागतील, कारण तोंड न उघडणारा माणूस नीट जेवतच नाही. मऊ खिचडी, दूध, डाळ, शिजवलेल्या पालेभाज्या, आणि रावेरच्या माणसाला केळी काय सांगायची!

ऑपरेशनचं म्हणाल तर ते शेवटच्या अवस्थेसाठी ठेवावं, तोंड २० मिलिमीटरच्या आत आलं आणि औषध-व्यायामाने हललं नाही तर. गालातले घट्ट पट्टे कापून मोकळे करतात आणि उघड्या जागेवर गालातलीच चरबी किंवा जवळची त्वचा बसवतात. टेबलावर तोंड छान उघडतं. पण दुसऱ्या दिवसापासून महिनोन्‌महिने व्यायाम केला नाही तर जखम भरताना पुन्हा आकसते, कधी आधीपेक्षा जास्त. आणि सुपारी परत सुरू झाली तर सगळंच व्यर्थ. तुमच्या भावाची दोन बोटं जातात, त्याला आज ऑपरेशनची घाई नको. व्यायाम आणि सुपारीबंदी यांना निदान सहा महिने द्या.

सुपारी सुटायला तुमची मदत लागेल. अरेकोलिन मेंदूतल्या ज्या जागांवर काम करतं त्यांत निकोटिनच्याही जागा आहेत, त्यामुळे तलफ खरी असते, नाटक नसतं. पहिले चार-पाच दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, झोप बिघडेल, कामावर हात चालणार नाही. गाडी भरताना, उन्हात, रिकाम्या पोटी पुडी फोडायची सवय असते, कारण तिने भूक मरते. म्हणून त्याला कामावर जाताना काहीतरी खायला घालून पाठवा, आणि खिशात बडीशेप, धणाडाळ, खोबऱ्याचे तुकडे द्या. बाजारातला तयार मुखवास घेताना पुडीमागचे घटक वाचा, कित्येकांत सुपारी असते. तंबाखूची तलफ पुन्हा उठली तर च्युइंगमवाली निकोटिन गोळी त्याच्या जबड्याला जड जाईल, डॉक्टरांना विचारून त्वचेवर लावायची निकोटिनची चिकटपट्टी (पॅच) घेता येते. तंबाखू सोडणाऱ्यांसाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. चुकून एखादी पुडी खाल्ली तर घरात तमाशा करू नका. दुसऱ्या दिवसापासून सुपारीशिवायचे दिवस पुन्हा मोजायला लावा.

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी टपरीवर दोन पुड्या मिळतात, एक पानमसाल्याची, म्हणजे सुपारीची, आणि एक तंबाखूची, आणि गिऱ्हाईक हातावर एकत्र करतं. तुमचा भाऊ त्यातली एक पुडी सोडून दुसरी खातो आहे, आणि त्याला वाटतं अर्धा आजार गेला. मला याहून जास्त राग येतो तो शाळेजवळच्या दुकानात लटकणाऱ्या गोड सुपारीच्या पुड्यांचा. आठवीतल्या पोराला हे चॉकलेट वाटतं. घरात भाचे-पुतणे असतील तर त्यांची तोंडंही एकदा बघा : गालाच्या आत गुलाबीऐवजी संगमरवरासारखा फिका पांढरा रंग दिसला, किंवा पोरगं एकाएकी तिखट टाळायला लागलं, तर तेव्हाच हात धरा. त्या टप्प्यावर सुपारी सुटली तर बरंच नुकसान टळतं.

दाखवायला लांब जायची गरज नाही. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दंत विभागात जा, किंवा धुळ्यात दंत महाविद्यालय आहे तिथे. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. रिपोर्टमध्ये कॅन्सर निघालाच, तर महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत त्याचे उपचार होतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो, त्याला रेशनकार्ड आणि आधारकार्ड दाखवा. त्यानंतर दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी, तीही शक्यतो एकाच डॉक्टरकडे, म्हणजे मागच्या वेळी गाल कसा होता हे त्याला आठवेल. जाताना मोजमापांची वही आणि तुकड्याचा रिपोर्ट सोबत न्या.

आणखी एक गोष्ट भावाला पाठ करायला लावा. पुढे कधी हर्निया, अपेंडिक्स, हाड मोडणं, कशासाठीही ऑपरेशनची वेळ आली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगायचं की माझं तोंड कमी उघडतं. भूल देताना श्वासाची नळी तोंडातून घालतात. तोंड उघडत नसेल तर त्यांना नळी नाकातून घालायची तयारी करावी लागते, आणि ती तयारी पेशंट टेबलावर झोपायच्या आधी झालेली असावी लागते.